पाणबुड्याचं घड्याळ

"मॅडम, हे सरांचं घड्याळ आहे का?"

साताऱ्यात माझ्या शाळेत दर जूनला नवीन वर्ग समोर येतो आणि पहिल्या आठवड्यात कुणीतरी मुलगी हा प्रश्न विचारतेच. सर म्हणजे माझे मिस्टर. मी सांगते, "नाही, माझंच आहे." मग मागच्या बाकांवर खुसखुस होते. त्यात त्यांची चूक नाही. माझं मनगट बारीक आहे आणि त्यावर हे घड्याळ म्हणजे वाटीवर परात झाकल्यासारखं दिसतं.

घड्याळ ४४ मिलिमीटर रुंद आहे. जाडी १३ मिलिमीटरच्या पुढे. स्टीलची, उशीसारखी गोलसर फुगीर केस, काळी तबकडी, आकड्यांऐवजी मोठाले ठिपके, तबकडीभोवती फिरणारी कडी आणि चावी तीनच्या जागी नसून चारच्या जागी. पाणबुड्यांसाठी जशी घड्याळं १९७०च्या दशकात जपानमध्ये बनत, त्या वळणावर अलीकडे बनवलेलं हे घड्याळ. आतलं यंत्र जपानी आहे, सेल नाही, हाताच्या हालचालीवर चालतं. कंपनीचं नाव मी लिहिणार नाही. मला जाहिरातही करायची नाही आणि तक्रारही. गेली काही वर्षं मी ते रोज घालते, तर ते कसं आहे आणि माझ्या हातात कसं आलं, एवढंच सांगायचंय.

आधी मोठेपणाबद्दल बोलते, कारण सगळे तेच विचारतात.

बी.एड. झाल्यावर पहिल्या पगारातून मी एक लेडीज घड्याळ घेतलं होतं. सोनेरी, नाजूक, चार आण्याच्या नाण्याएवढी तबकडी. वीस वर्षं ते छान चाललं. मग मला चाळीस वर्षं पूर्ण झाली, चाळिशी लागली, आणि त्या घड्याळात वाजले किती हे बघायला आधी पर्समधून चष्मा काढावा लागू लागला. वर्गात फळ्याकडे तोंड, हातात खडू, चष्मा टेबलावर, तास संपायला किती मिनिटं राहिली कळायचं नाही. या मोठ्या घड्याळाने तो प्रश्न एका दिवसात मिटवला. पाणबुड्याला गढूळ पाण्यात वेळ दिसावी म्हणून ठेवलेले ते जाड काटे आणि ठिपके चाळिशीच्या डोळ्यांनाही दिसतात. पाणबुड्यांच्या घड्याळांसाठी एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ६४२५. त्यात अट आहे की अंधारात २५ सेंटिमीटरवरून वेळ वाचता आली पाहिजे. चष्म्याशिवाय माझी झेप साधारण तेवढीच आहे.

आता त्रास. पहिल्यांदा त्याला स्टीलचा पट्टा होता. संध्याकाळपर्यंत मनगट दुखायचं. मी तो काढून विणलेल्या नायलॉनचा पट्टा बसवला. बांगड्या आणि हे घड्याळ एका हातात नांदत नाहीत. काचेच्या बांगड्या दोन दिवसांत पिचल्या, म्हणून बांगड्या उजव्या हातात गेल्या. बुरख्याची बाही त्याच्यावरून सरकत नाही, अडकते. स्वेटरची बाही तर त्याहून वाईट, आणि साताऱ्यात डिसेंबरमध्ये स्वेटर लागतोच. भाकरी थापताना ते काढूनच ठेवावं लागतं. फिरत्या कडीच्या दातऱ्यांत खडूची पूड बसते. दर रविवारी जुन्या टूथब्रशने साफ करते.

वेळेच्या बाबतीत सरळ सांगायचं तर सेलवरचं चारशे रुपयांचं घड्याळ याच्यापेक्षा अचूक असतं. हे दिवसाला दहा-बारा सेकंद पुढे जातं. या जातीच्या यंत्राला चाळीस सेकंदांपर्यंत माफ असतं, तेव्हा तक्रार नाही. दर जुम्याला मोबाईलवर बघून मिळवून घेते. दोन दिवस हातात घातलं नाही तर बंद पडतं, कारण पूर्ण चावी भरली तरी ते ४१ तासच चालतं. कडीवरचा त्रिकोण बाराच्या खुणेवर नेमका येत नाही, केसभर डावीकडे राहतो. आधी त्याचा राग यायचा, आता दिसत नाही.

आणि जुनेपणाचा आव मला पटत नाही. ठिपके मुद्दाम पिवळसर ठेवलेत, जणू चाळीस वर्षांत त्यांचा रंग गेला. नव्या वस्तूला असं म्हातारपण रंगवून का द्यायचं? खरं म्हातारपण कसं दिसतं ते मी दुसऱ्या एका घड्याळावर पाहिलंय. त्याकडे येतेच.

रात्रीचा त्याचा उजेड मात्र खरा. आमच्याकडे त्याला अजून रेडियम म्हणतात, पण रेडियम घड्याळांतून केव्हाच गेलं; आता जो लेप असतो तो प्रकाश पिऊन अंधारात सोडतो, किरणोत्सर्गी नसतो. रमजानमध्ये सहरीला जाग आली की दिवा न लावता वेळ कळते. मुलगी झोपलेली असते, तिची झोप मोडत नाही.

राहिली वजूची गोष्ट. लहानपणी आम्हाला शिकवलं होतं की अंगठी किंवा घड्याळ घट्ट असेल तर त्याखाली कोरडी जागा राहता कामा नये, पाणी कातडीला लागलं पाहिजे. म्हणजे घड्याळ २०० मीटर पाण्याचं असो की साधं, ते सैल करून हलवावं लागतंच. फरक एवढाच की हे काढून ठेवायला लागत नाही. वर सरकवायचं, पाणी घ्यायचं, खाली आणायचं. दिवसातून पाच वेळा ते भिजतं. समुद्र त्याने कधी पाहिलेला नाही. पण न काढता वजू करता येणं ही बारीक गोष्ट नाही. का, ते पुढे कळेल.

हे घड्याळ माझ्यासाठी आलं नव्हतं.

माझं माहेर सांगलीचं. अब्बा मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. माझा धाकटा भाऊ मस्कतला असतो. २०१८च्या हिवाळ्यात तो सुट्टीवर आला तेव्हा त्याने अब्बांसाठी हे आणलं. डबा उघडला, अब्बांनी ते तळहातावर तोललं आणि म्हणाले, "इत्ता बडा? हाथ कू बांधने का, क्या दीवार कू?"

भाऊ समजावत राहिला. अब्बा, हे पाण्यात चालतं, दोनशे मीटर खोल. अब्बा म्हणाले, मी तर कृष्णेतसुद्धा गुडघ्याच्या वर गेलो नाही. घरात हसू झालं. घड्याळ डब्यासकट कपाटाच्या खणात गेलं.

अब्बांच्या हातात एचएमटी जनता होतं. १९७६ साली निकाहात नानांनी दिलेलं. त्या काळात जावयाला घड्याळ म्हणजे एचएमटीच. १९६१मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळूरला हा सरकारी कारखाना सुरू झाला, आणि पुढची तीस वर्षं या देशातल्या मास्तरांच्या, कारकुनांच्या, नवरदेवांच्या मनगटावर तोच होता. जनता हे त्यातलं साधं, चावीचं घड्याळ. काहींवर तर देवनागरी आकडेही असत. अब्बांचं साधंच होतं, पांढऱ्या तबकडीचं. रोज फजरनंतर ते त्याला चावी द्यायचे, मोजून. पट्टा चामड्याचा आणि हळदीने पिवळा. कितीही बदलला तरी महिन्याभरात पिवळा. वजूच्या आधी ते काढून मोरीबाहेरच्या खिळ्याला अडकवायचे, कारण त्याला पाण्याचा एक थेंब चालायचा नाही.

पाणबुड्यांच्या घड्याळाची कथा मी नंतर वाचली. १९५३मध्ये स्वित्झर्लंडच्या ब्लांपां कंपनीने फ्रेंच नौदलाच्या पाणबुड्यांसाठी एक घड्याळ केलं, फिफ्टी फॅदम्स नावाचं. पन्नास फॅदम म्हणजे साधारण ९१ मीटर. त्याच सुमाराला रोलेक्सचं सबमरिनर आलं. जपानच्या सेइकोने १९६५मध्ये दीडशे मीटरचं पहिलं घड्याळ काढलं. सगळ्यांचं तत्त्व एकच. सांध्यांत रबरी कडी घालायची, म्हणजे पाण्याला वाट नाही. आणि तबकडीभोवती ती फिरती कडी.

ती कडी काय करते ते मला शोभेची वाटायची तोवर कळलंच नव्हतं. पाण्यात उतरताना तिच्यावरचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणायचा. त्यानंतर मिनिटकाटा कडीवरच्या ज्या आकड्यावर असेल तेवढी मिनिटं झाली. टाकीतली हवा किती वेळ पुरणार हे पाणबुड्याला ठाऊक असतं, त्यामुळे किती राहिली ते कळतं. पण खरी गंमत पुढे आहे. ही कडी एकाच दिशेला फिरते. काट्यांच्या उलट्या दिशेला. खडकावर आपटून ती चुकून सरकली तर झालेला वेळ खऱ्यापेक्षा जास्तच दिसतो, कमी कधी दिसत नाही. म्हणजे चूक झालीच तर पाणबुड्या लवकर वर येईल. फार तर चार मिनिटं फुकट जातील, जीव जाणार नाही. ज्यांनी ती बनवली त्यांनी चूक होणारच हे धरून चालून, ती कुठल्या बाजूला व्हावी ते ठरवून टाकलं.

पाण्याचं आणि घड्याळाचं नातं तसं फार जुनं आहे. घड्याळ हा शब्दच घटिकेवरून आला, आणि उर्दूतली घडीही तिथलीच. तळाला बारीक भोक असलेलं तांब्याचं पात्र पाण्यावर सोडायचं. ते भरून बुडालं की एक घटका, म्हणजे २४ मिनिटं. लग्नाच्या मुहूर्ताला पूर्वी हेच घटिकापात्र असे. "घटका भरली" हा वाक्प्रचार मी मराठीच्या तासाला शिकवते तेव्हा मुलांना चित्र काढून दाखवते. ते घड्याळ पाणी आत येऊ देऊन वेळ सांगायचं. माझ्या हातातलं पाणी बाहेर ठेवून सांगतं.

आमच्या घराने दोन्ही प्रकार पाहिले.

ऑगस्ट २०१९. मी साताऱ्यात होते. महाबळेश्वरला आणि कोयनेच्या खोऱ्यात पाऊस थांबत नव्हता, धरणांतून पाणी सुटत होतं. सांगलीत सून किंवा मुलगी असलेल्या साताऱ्याच्या प्रत्येक घरात एक हिशेब चालू असतो. कृष्णा आमच्या जिल्ह्यात उगम पावते, कराडला कोयना तिला मिळते, आणि मग ते सगळं पाणी खाली सांगलीला जातं. आमच्या दारात कोसळणारा पाऊस म्हणजे अम्मी-अब्बांच्या दारात येणारं पाणी. मधे थोडा वेळ असतो, एवढाच काय तो फरक.

सांगलीत नदी इर्विन पुलापाशी मोजतात. १९२९ सालचा तो पूल. चाळीस फुटांवर इशारा, पंचेचाळीसवर धोका. मी फोन केला तेव्हा धोका ओलांडून गेला होता. म्हटलं, अब्बा, निघा. मिरजेला मावशीकडे जा.

अब्बा म्हणाले, "रेघेपर्यंत येतंय का बघू."

ही रेघ आमच्या पुढच्या खोलीच्या भिंतीवर होती, निळ्या ऑइलपेंटची. २००५च्या पुरात पाणी जिथवर चढलं तिथे अब्बांनी स्वतः मारलेली. कमरेएवढी. त्या वर्षी पुलापाशी जवळपास ५४ फूट पाणी होतं आणि सांगलीत सगळे म्हणायचे की याच्या वर पाणी येणं शक्य नाही. फक्त अब्बाच नव्हे, गल्लीच्या गल्ल्या त्या जुन्या खुणेवर विसंबून राहिल्या. सामान रेघेच्या वर चढवलं आणि बसले. अब्बांनीही तेच केलं. गहू, गाद्या, कागदपत्रं कॉटवर, कपाटाचे खालचे कप्पे रिकामे. घड्याळाचा डबा होता त्या खणाला हात लावला नाही, कारण तो रेघेच्या थोडा वरच होता.

मग पाणी रेघ ओलांडून गेलं. पुलापाशी ५७ फुटांच्याही वर गेलं. अब्बांचा फोन बंद झाला तो दीड दिवस. त्या दीड दिवसाबद्दल मी आजवर लिहिलं नाही, आजही लिहिणार नाही. टीव्हीवर पलूसजवळच्या ब्रह्मनाळची बातमी आली, बोट उलटून माणसं गेल्याची. माझे मिस्टर उठून टीव्ही बंद करून आले.

अम्मी-अब्बा शेजारच्या दुमजली घरात वर चढले होते. तिथून त्यांना बोटीने काढलं. अस्रची वेळ झाली म्हणून वर जाण्याआधी अब्बा वजू करत होते, तेवढ्यात मागच्या दाराने पाणी आत आलं. घड्याळ खिळ्याला राहिलं. बाराशे गोष्टी मागे राहिल्या, पण बोटीतून उतरल्यावर, अम्मी सांगते, त्यांनी उजव्या हाताने डावं मनगट धरलं होतं आणि ते सोडत नव्हते. १२ तारखेला बकरीद होती. ती त्यांनी मिरजेला, दुसऱ्याच्या कपड्यांत केली.

पाणी ओसरल्यावर मी रस्ते सुरू होताच गेले. ज्यांनी पुरानंतरचं घर पाहिलंय त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून कळणार नाही. घोट्याएवढा गाळ, आणि वास. कपाट फुगून बसलं होतं, कुऱ्हाडीने उघडावं लागलं. माझी डी.एड.-बी.एड.ची पुस्तकं, अम्मीच्या उर्दू मासिकांचे गठ्ठे, सगळ्याचा एकच लगदा. खणात घड्याळाचा पुठ्ठ्याचा डबा विरघळून गेला होता आणि चिखलात ते घड्याळ पडलं होतं. बादलीत बुचकळलं, अंगठ्याने काच पुसली. आत एक थेंब नाही. धुकंसुद्धा नाही. हलवलं तर सेकंदकाटा चालू लागला.

पाच-सहा दिवस ते चारेक फूट पाण्याखाली होतं. दोनशे मीटरचं वचन देणाऱ्या घड्याळाला चार फूट म्हणजे काहीच नाही. पण त्या खोलीत त्या दिवशी चालू स्थितीत असलेली ती एकच वस्तू होती.

जनता मला मोरीच्या जाळीत सापडलं. काचेच्या आत, बरोबर मधोमध, मातीची एक आडवी रेघ होती. भिंतीवरच्यासारखीच.

दोन्ही घड्याळं मी धुऊन अब्बांसमोर ठेवली. अब्बांनी मोठ्याकडे बघितलंही नाही. जनता कानाशी धरलं, मग चावी द्यायला गेले, चावी फिरेना. एका घड्याळजींनी ते उघडून साफ केलं. एचएमटीचा घड्याळ कारखाना २०१६मध्ये सरकारने बंद करायचं ठरवलं. सुटे भाग मिळवायचे तर दुसरं मेलेलं जनता शोधावं लागतं. त्यांनी शोधलं. घड्याळ चाललं, पण दिवसाला पाच-सहा मिनिटं मागे पडायचं, आणि तबकडीवरचा मातीचा डाग गेला नाही. घासला तर आकडेही जातील, ते म्हणाले. अब्बा म्हणाले, "रहने दो." खरं म्हातारपण मी म्हटलं ते हे. कुणी रंगवलेलं नाही.

भिंतीवर आता दोन रेघा झाल्या. दुसरी माझ्या डोक्याच्या वर.

जुलै २०२१. बकरीद २१ तारखेला होती, मी मुलीला घेऊन सांगलीला गेले होते. ईदच्या दुसऱ्याच दिवशी पावसाने धरलं. पाटण तालुक्यात दरडी कोसळल्याच्या बातम्या येऊ लागल्या. पुलापाशी पाणी अजून चाळीसच्या खाली होतं. गल्लीत लोक पुलावर जाऊन बघून येत होते. मला वाटलं, आता पुन्हा रेघांची चर्चा होणार. अब्बा खुर्चीत बसून दोन्ही रेघांकडे बघत होते.

ते मोठं घड्याळ तेव्हा अम्मीने औषधांच्या डब्यात ठेवलं होतं. मी ते काढलं, हलवून चालू केलं, कडी फिरवून त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणला आणि अब्बांच्या समोर टेबलावर ठेवलं. म्हटलं, "अब्बा, एक तास. तासाभरात जे होईल ते घ्यायचं आणि निघायचं." मी त्यांना कडीचं ते सांगितलं, एकाच दिशेला का फिरते ते. त्यांनी घड्याळ उचललं, कडी फिरवून बघितली. टिक टिक टिक. उलटी फिरवायला गेले, फिरेना. हसले.

मग म्हणाले, "एक तास नहीं. पौन तास. बाद में रिक्षा नहीं मिलती."

चाळीस मिनिटांत आम्ही बाहेर होतो. जनता अब्बांच्या हातात होतं. मी दोनदा बघून घेतलं. त्या वर्षीही पाणी घरात आलं, पहिल्या रेघेच्या आसपास. आम्ही मिरजेत चहा पीत होतो.

अब्बा पुढच्या वर्षी गेले. पुराने नाही, पाण्याने नाही. रात्री झोपेत.

चाळिसाव्यानंतर भाऊ परत मस्कतला जाणार होता. सामान आवरताना त्याने जनता उचललं आणि म्हणाला, "आपा, हे मी नेऊ?" मी म्हटलं, ने. मोठं घड्याळ त्याने माझ्याकडे सरकवलं. "हे तू ठेव. ह्याला काही होत नाही."

मला जनता हवं होतं. हे मी त्याला तेव्हा सांगितलं नाही, नंतरही नाही. तो मुलगा, घड्याळ बापाचं, विचारलंही त्याने आधी. मी कुठल्या तोंडाने नाही म्हणणार? पण पहिले काही महिने हे घड्याळ हातात घालताना मला रोज वाटायचं की ज्याला काही झालं नाही ते माझ्या वाट्याला आलं आणि ज्याच्यात अब्बांचे हात होते ते गेलं. मी ते रागाने घातलं, चाळिशीच्या सोयीसाठी घातलं, मग सवयीने घातलं.

आता सवय इतकी आहे की सगळं त्याच्यावर चालतं. पस्तीस मिनिटांचा तास सुरू झाला की कडी फिरवते. घटक चाचणीला फिरवते. परीक्षा केंद्रावर मोबाईल आत नेता येत नाही, तिथे तर भिंतीवरचं बंद घड्याळ सोडून माझंच एक असतं. कुकरला, अम्मीच्या डोळ्यांतल्या थेंबांना, दोन थेंबांत दहा मिनिटं जावी लागतात, तेव्हा. आणि त्याच्या खिडकीत वार इंग्रजीत आणि अरबीत दिसतो, हे मला उर्दूच्या तासाला फार कामाला येतं. आखाती बाजारासाठी अशी चाकं बनतात. मुलांना विचारते, आज खिडकीत काय लिहिलंय? उर्दूत आपण पीर, मंगल, बुध म्हणतो. अरबीत इस्नैन, सुलासा, अर्बिआ. फक्त जुमा दोन्हीकडे जुमा. मुलं शुक्रवारची वाट बघतात, कारण त्या दिवशी सगळ्यांना वाचता येतं.

कुणी मला विचारलं, असं घड्याळ घ्यावं का, तर मी म्हणेन: बारीक मनगट असेल आणि शोभेसाठी हवं असेल तर नको. डोळे कमी दिसायला लागले असतील, हात सतत पाण्यात जात असतील, वस्तू जपून ठेवायला वेळ नसेल तर जरूर घ्या. पण चार गोष्टी लक्षात ठेवा. चावीचा पेच घट्ट आहे का रोज बघा; तो सैल असेल तर दोनशे मीटर आणि शून्य मीटर सारखंच. नुसतं ३० मीटर लिहिलेलं घड्याळ पोहायला चालत नाही, ते हात धुण्यापुरतं. रबरी कड्या म्हाताऱ्या होतात, काही वर्षांनी बदलाव्या लागतात. आणि बदलायला उघडलं की पाण्याच्या दाबाची तपासणी करणारं यंत्र असलेल्या माणसाकडेच बंद करून घ्या. साताऱ्यात राजवाड्याजवळच्या एका घड्याळजींनी मला सरळ सांगितलं, "मॅडम, मी उघडतो, पण नंतर पाण्याची गॅरंटी माझी नाही." मला तो माणूस आवडला. अजून उघडलेलं नाही.

आता अम्मीला आम्ही पावसाळ्यात साताऱ्याला आणतो. पुलापाशी चाळीस व्हायची वाट बघत नाही, तिशी ओलांडली की गाडी पाठवतो. एका वर्षी असं आणलं आणि पाणी आलंच नाही. शेजारी हसले. अम्मी पंधरा दिवस माझ्यावर चिडून होती, कोंबड्या कुणाकडे ठेवल्या यावरून. मी ऐकून घेतलं. फार तर पंधरा दिवस फुकट गेले.

भाऊ गेल्या वेळी सुट्टीवर आला तेव्हा आम्ही सगळे सांगलीच्या घरी होतो. मगरिबच्या आधी तो वजूला उठला, जनता काढलं आणि मोरीबाहेर हात वर केला. खिळा आता जुन्या जागी नाही. २०१९नंतर घर रंगवलं तेव्हा अब्बांनी तो दुसऱ्या रेघेच्याही वर, वीतभर वर ठोकून घेतला. भाऊ माझ्यासारखाच बुटका. त्याने इकडेतिकडे बघितलं, मोरीतलं स्टूल ओढलं, त्यावर चढला आणि घड्याळ अडकवलं.

मी माझं मनगटावर वर सरकवलं आणि नळ सोडला.